दहाव्या चौकटीतला पाठभेद

साडेतीन इंच लांब आणि दोन इंच उंच असं हे एक व्हिजिटिंग कार्ड. पांढरा जाड कागद, काळी अक्षरं. दुसरा रंग नाही, चित्र नाही, मागची बाजू कोरी. डोंबिवलीत घरी शिवणकाम करणाऱ्या एका ताईंनी ते स्वतः वर्डमध्ये केलं आणि झेरॉक्सच्या दुकानातून छापून आणलं. ताईंचं नाव, इमारतीचं नाव आणि फोन नंबर इथे देत नाही. बाकी मजकूर ओळीला ओळ लावून देतो, कारण रसग्रहण करायचं तर संहिता समोर हवी.

॥ श्री ॥
(नाव)
शिवणकाम
ब्लाऊज, अस्तर, फॉल-पिको, गोंडे, शिवलेली नऊवारी
मापाचा ब्लाऊज सोबत आणावा.
दुपारी १ ते ४ फोन करू नये.
दुसऱ्या मजल्यावर, जिना संपल्यावर उजवीकडे.
(इमारत), डोंबिवली (पूर्व)
(फोन नंबर)

एवढंच. पहिल्या नजरेला यात रसग्रहण करण्याजोगं काही दिसत नाही. बाजारात हातोहात फिरणारी कार्डं यापेक्षा कितीतरी नटलेली असतात. वर मधोमध कुलदैवत, दोन्ही कोपऱ्यांत दोन-दोन मोबाइल नंबर, नावाआधी ‘प्रो.’, डावीकडे गणपती नाहीतर यंत्राचं चित्र, खाली निळ्या पट्टीत पांढऱ्या अक्षरांत पत्ता. ऑफिसच्या कार्डाचा थाट वेगळा. तिथे नाव सगळ्यात मोठं, त्याखाली हुद्दा, आणि हुद्दा जितका लांब तितकी अक्षरं बारीक. या कार्डावर सगळ्यात मोठा आणि ठळक शब्द आहे ‘शिवणकाम’. नाव त्याच्या वर आहे, पण आकाराने त्याच्याहून लहान. ‘श्री’ तर इतका बारीक की श्रद्धा राखली, जागा मात्र घेतली नाही. बाईंना ओळखायला कार्ड लागत नाही, कामाला लागतं, हा निर्णय अक्षरांच्या आकारातच घेऊन टाकला आहे.

चौथी ओळ ही कामांची यादी. ब्लाऊज रोजचा, म्हणून पहिला. अस्तर त्याच्या आतलं. मग फॉल-पिको, म्हणजे नवी साडी नेसण्याजोगी करायचं काम. मग पदराचे गोंडे, म्हणजे त्याच साडीची हौस. आणि शेवटी शिवलेली नऊवारी, जी लग्न, मंगळागौर किंवा गुढीपाडव्याच्या शोभायात्रेच्या निमित्तानेच शिवून घेतली जाते. रोजच्या कपड्यापासून सणाच्या कपड्यापर्यंत ही ओळ चढत जाते. सुरुवात दोन अक्षरी-तीन अक्षरी सुट्या शब्दांची आणि शेवट विशेषणासकट आलेल्या लांब शब्दांचा, त्यामुळे मोठ्याने वाचली तर ती नीट थांबतेही. छापखान्यातल्या कार्डावर अशाच याद्या असतात, पण तिथे ‘इत्यादी कामे योग्य दरात करून मिळतील’ असं शेपूट हमखास असतं. इथे ‘इत्यादी’ नाही. जे येतं ते लिहिलं, जे लिहिलं तेच मिळेल.

खरा रस पाचव्या ओळीत आहे: ‘मापाचा ब्लाऊज सोबत आणावा.’ ज्याने कधी ब्लाऊज शिवायला टाकला नाही त्याला ही एक किरकोळ सूचना वाटेल. ज्या बायकांनी टाकला आहे त्यांना यात अख्खा व्यवहार दिसतो. अंगाला नीट बसणारा एखादा जुना ब्लाऊज म्हणजे मापाचा ब्लाऊज. त्याचा मुंढा, बाहीची लांबी, मागचा गळा, टक्स कुठे घेतले आहेत हे सगळं शिवणारीला टेप न लावता कळतं. ‘गळा जरा खोल’ किंवा ‘बाही थोडी सैल’ अशा तोंडी सांगण्याला त्याच्यामुळे आधार मिळतो. सैल म्हणजे कशापेक्षा सैल, ते टेबलावर पडलेलं असतं. कार्डावरची ही ओळ गिऱ्हाइकाला पहिल्या खेपेला रिकाम्या हाताने येऊ देत नाही. त्यात ‘कृपया’ नाही आणि हुकूमही नाही. देवळात चपला कुठे काढाव्यात हे सांगणाऱ्या पाटीचा सूर आहे. सांगणारा समोर नाही, पण सांगितलेलं सगळ्यांना सारखंच लागू. जाहिरातीत सहसा विकणारा काय देईल ते असतं. इथे विकत घेणाऱ्याने काय आणायचं ते आहे. त्या एका ओळीने कार्ड जाहिरातीतून उठून थेट कामाच्या टेबलावर येऊन बसतं.

सहावी ओळ त्याच आवाजातली. दुपारी एक ते चार ताई जेवतात, झोपतात की मशीनवर बसतात, ते कार्ड सांगत नाही. कारण न देता वेळ राखून ठेवणं ही स्वतःच्या कामाबद्दलची प्रतिष्ठा आहे. घरातून काम करणाऱ्या बाईला लोक कधीही हाक मारतात, म्हणून ती इथे जास्तच उठून दिसते. वेळेचे आकडे मराठीत आहेत आणि शेवटच्या ओळीतला फोन नंबर इंग्रजी आकड्यांत, पाच-पाचच्या दोन गटांत. हा गोंधळ समजायचं कारण नाही. ‘१ ते ४’ वाचायचं आहे, नंबर मोबाइलच्या पडद्यावर पाहून दाबायचा आहे. ज्याचा जसा उपयोग, तसे त्याचे आकडे.

सातव्या ओळीत एक अक्षर थांबून पाहण्याजोगं आहे. ‘दुसऱ्या’ मधला अर्धा र. तो आडव्या लहरीसारखा, य च्या आधी, जागच्या जागी आला आहे. घाईत टाइप केलेल्या कितीतरी मराठी मजकुरात इथे ‘दुसर्या’ होतं आणि रफार य च्या डोक्यावर जाऊन बसतो. हिंदीच्या सवयीने चालणाऱ्या कीबोर्डवर तसं होणं साहजिक आहे. युनिकोडमध्ये यासाठी नुक्ता असलेला ऱ वेगळा दिलेला आहे, त्याला हलन्त आणि पुढे य जोडला की हा मराठी अर्धा र उमटतो. ताईंना त्याचा क्रमांक माहीत असायचं कारण नाही. डोळ्यांना ‘दुसर्या’ खटकलं आणि बरोबर येईपर्यंत त्यांनी कळा दाबून पाहिल्या, एवढंच झालं असणार. मुद्रितशोधक याहून वेगळं काय करतो?

अक्षरवळणाचंही तसंच. मराठी ल पाकळीचा आणि मराठी श देठाचा. महाराष्ट्र शासनाच्या ६ नोव्हेंबर २००९च्या निर्णयानेही हीच रूपं मराठीसाठी प्रमाण ठरवली. पण युनिकोडमध्ये मराठीचा आणि हिंदीचा ल एकच असतो, तो दिसतो कसा हे फॉन्ट ठरवतो. म्हणून मजकूर शंभर टक्के मराठी असूनही अक्षरं हिंदी वळणाची दिसू शकतात. या कार्डावर ‘शिवणकाम’चा श आणि ‘फॉल’चा ल दोन्ही मराठी आहेत. फॉन्ट आहे ‘तिरो देवनागरी मराठी’, गूगल फॉन्ट्सवर फुकट मिळणारा, ताईंच्या कॉलेजात जाणाऱ्या भाचीने उतरवून दिलेला. या तिरो देवनागरीची मूळ आखणी हार्वर्ड युनिव्हर्सिटी प्रेसच्या ‘मूर्ती क्लासिकल लायब्ररी ऑफ इंडिया’ या ग्रंथमालेसाठी झाली होती. अभिजात ग्रंथांसाठी घडलेली अक्षरं डोंबिवलीत फॉल-पिकोच्या कामाला आली आणि तिथे ती मुळीच अवघडलेली दिसत नाहीत. बारीक आकारातही जाड-बारीक रेघांचा तोल टिकला आहे. यादीच्या ओळीत तर त्यांच्यामुळे जुन्या पंचांगातल्या छपाईचा भरीव ठसा येतो.

हे सगळं झालं कागदावरचं वाचन. ताईंनी मूळ फाइलही व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवली आणि मग वाचनाला दुसरा मजला चढला. वर्डमध्ये एक बटण असतं, उलट्या पी सारखं दिसणारं, परिच्छेदाची खूण. ते दाबलं की पडद्यावर एरवी न दिसणारं सगळं दिसू लागतं. प्रत्येक स्पेसचा ठिपका, प्रत्येक टॅबचा बाण, एंटर कुठे मारला आणि ओळ नुसती कुठे तोडली. छापलेल्या पुस्तकातून हस्तलिखिताकडे जाण्यासारखंच हे आहे. ताईंच्या फाइलमध्ये एक तक्ता आहे, दोन रकाने आणि पाच ओळींचा, म्हणजे दहा चौकटी, प्रत्येकीत एक कार्ड. तक्त्याच्या रेघा पुसून टाकलेल्या नाहीत, अगदी फिकट करड्या ठेवल्या आहेत. कापडावर मार्किंगच्या खडूने मारलेल्या रेघेचं जे काम, तेच या रेघांचं: कात्री कुठून चालवायची ते दाखवायचं आणि शिवण झाल्यावर दिसायचं नाही. माझ्या हातातल्या कार्डाच्या डाव्या कडेला ती करडी रेघ केसाएवढी उरली आहे. कड मात्र वरपासून खालपर्यंत सरळ आहे. कापणाऱ्या हाताला सवय होती.

हिशेबही चोख आहे. ए-फोर कागद २१० मिलिमीटर रुंद आणि २९७ मिलिमीटर उंच. साडेतीन इंचांची दोन कार्डं शेजारी ठेवली की १७७.८ मिलिमीटर होतात, दोन्ही बाजूंना सोळा-सोळाहून थोडं अधिक उरतं. दोन इंचांची पाच कार्डं एकाखाली एक म्हणजे २५४, वर-खाली साडेएकवीस-साडेएकवीस शिल्लक. समोरासमोरचे समास सारखे आले की पान सरळ बसतं. इथे बऱ्याच जणांचं गणित चुकतं, कारण सॉफ्टवेअरमधले कार्डांचे कितीतरी तयार साचे अमेरिकेतल्या लेटर कागदाचे असतात. तो ए-फोरपेक्षा रुंद आणि आखूड. तो साचा घेऊन ए-फोरवर छापलं की समास बिघडतात. त्यात प्रिंट देताना ‘पानात बसवा’ हा पर्याय चालू राहिला तर सगळी कार्डं सारख्याच प्रमाणात लहान होऊन येतात आणि पाकिटात सैल पडतात. ताईंनी साचा घेतलाच नाही. तक्ता घेतला, चौकटीची उंची आणि रुंदी आकड्यांत घातली आणि उंची ‘एक्झॅक्टली’वर बांधली, म्हणजे मजकूर वाढला तरी चौकट फुगणार नाही. माप आधी, कापणं नंतर.

ओळींमधली जागाही त्यांनी अशीच बांधली आहे, आणि तिथे देवनागरी परीक्षा घेते. विंडोज २०००सोबत आलेला, र. कृ. जोशी यांनी घडवलेला ‘मंगल’ फॉन्ट ज्याने पाहिला आहे त्याला ठाऊक आहे की त्याच्या ओळी एकमेकींपासून बऱ्याच लांब पडतात. ती जागा मात्रा, रफार, उकारांसाठी असते, पण दोन इंचांत नऊ ओळी बसवायच्या तर परवडत नाही. म्हणून अंतर हाताने कमी करावं लागतं. ते जास्त कमी केलं की वर्ड अक्षरांचे माथे कापतं. वेलांटीचं वळण जातं, ‘फॉल’वरचा अर्धचंद्र उडतो आणि ‘फाल’ उरतो. ताईंच्या कार्डावर अर्धचंद्र पुरा आहे आणि खालच्या ओळींतल्या वेलांट्याही. त्यांनी अंतर थोडं थोडं उतरवत जिथे अक्षर तुटू लागलं तिथून एक पाऊल मागे घेतलं असावं.

आता दहाव्या चौकटीकडे येतो. पहिल्या नऊ चौकटींत पाचवी ओळ ‘मापाचा ब्लाऊज सोबत आणावा’ अशी आहे. खालच्या उजव्या कोपऱ्यातल्या दहाव्या चौकटीत मात्र आहे: ‘माप घेऊन शिवून मिळेल.’ बाकी सगळं सारखं. आधीचा मजकूर असा होता, नंतर बदलला, नऊ ठिकाणी नवी ओळ चिकटवली आणि दहावी राहून गेली. ज्ञानेश्वरीच्या पोथ्यांतून पाठभेद शोधणाऱ्यांना जे हाती लागतं, तेच इथे एका ए-फोर कागदावर आहे. एकाच पानावर नवा पाठ आणि जुना पाठ, आणि दोन्ही लेखिकेचेच.

जुनी ओळ आश्वासन देते, नवी अट घालते. मध्ये काय घडलं असेल याचा अंदाज येत होता, तरी ताईंना फोन केला. चारनंतर, अर्थात.

‘ताई, आधी तुम्ही माप घेऊन देत होता ना?’

‘अजूनही घेते हो. पण अंगावर टेप लावला की बाई श्वास रोखून ताठ उभी राहते. मग घरी गेल्यावर म्हणते, घट्ट झाला. जुना ब्लाऊज खोटं बोलत नाही.’

दहाव्या चौकटीचं सांगितलं तेव्हा त्या हसल्या. ‘राहू दे की. ज्यांना मिळेल त्यांना माप घेऊन देईन.’

पूर्ण कार्डाचा आशय या दोन ओळींच्या अंतरात आहे. कार्ड छापखान्यात टाकलं असतं तर ही सुधारणा झालीच नसती, किंवा काही वर्षांनी झाली असती. ऑफसेटला प्लेट बनवायचा आणि मशीन लावायचा खर्च शंभर कार्डांनाही तेवढाच आणि हजारालाही तेवढाच, म्हणून कार्ड हजारात करून घेण्याची रीत पडली. हजार कार्डं संपायला घरगुती धंद्याला काही वर्षं लागतात. मग माणूस त्यावर अशाच गोष्टी लिहितो ज्या काही वर्षं खऱ्या राहतील: नाव, पत्ता, ‘योग्य दर’, ‘तत्पर सेवा’. कार्डांवरची भाषा गुळगुळीत का असते याचं एक कारण हजाराचा गठ्ठा आहे. दहाच्या पानाला ती भीती नाही. चुकलं, अनुभव आला, वेळ बदलली, तर पुढच्या पानावर ओळ बदलायची. पितृपक्षात ‘दिवाळीचं काम कोजागिरीपर्यंतच घेतलं जाईल’ अशी ओळ घालून दोन पानं छापायची, दिवाळी झाली की काढून टाकायची.

हे स्वतःला करता येणं फार जुनं नाही. अगदी अलीकडेपर्यंत मराठी कार्ड म्हणजे डीटीपीवाल्याकडे जाणं. पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेकच्या श्रीलिपीसारख्या पॅकेजांनी मराठी अक्षरजुळणी संगणकावर आणली हे त्यांचं मोठं काम, पण त्या काळच्या फॉन्टमधला मजकूर ते फॉन्ट नसलेल्या संगणकावर उघडला की इंग्रजी अक्षरांची निरर्थक रांग दिसायची. मजकूर तुमचा, पण फाइल त्यांच्याच दुकानात जिवंत. एक काना बदलायचा तरी परत खेप, आणि मग ‘आहे ते चालेल’ म्हणून तसंच छापायचं. युनिकोड रुळल्यावर फाइल कुठेही उघडू लागली, मोबाइलवर टाइप केलेली ओळ जशीच्या तशी वर्डमध्ये चिकटू लागली, आणि मजकुराचा ताबा मजकूर लिहिणाऱ्याकडे आला.

डीटीपीवाले वर्डमधली फाइल पाहून कपाळाला आठ्या घालतात आणि त्यांचं म्हणणं खोटं नाही. कोरल ड्रॉमध्ये अक्षर पानावर कुठेही ठेवता येतं, वर्डमध्ये साधा मजकूर ओळीला बांधलेला असतो. कडेपर्यंत रंग भरायचा तर कापण्यासाठी बाहेर जास्तीचा रंग लागतो, त्याची सोय वर्ड देत नाही, आणि बहुतेक प्रिंटर कागदाच्या अगदी कडेपर्यंत छापतही नाहीत. पण ताईंच्या कार्डाला या मर्यादांचाच फायदा झाला आहे. रंग कडेपर्यंत नेता येत नाही, म्हणून कागद पांढरा राहिला. अक्षर वाटेल तिथे सहज ठेवता येत नाही, म्हणून ओळी एकाखाली एक आल्या. आणि ओळी एकाखाली एक आल्या की ‘कुठे ठेवू’ हा प्रश्न मागे पडून ‘आधी काय सांगू’ हा प्रश्न पुढे येतो. हे चित्रकाराचे प्रश्न नाहीत, लिहिणाऱ्याचे आहेत.

दोषही आहेत. ‘डोंबिवली’ची ओळ मधोमध आणण्यासाठी सेंटरचं बटण न वापरता आधी ठिपक्याठिपक्यांनी स्पेस मारल्या आहेत, त्यामुळे ती किंचित उजवीकडे कलली आहे. फोन नंबर गरजेपेक्षा मोठा असल्याने खालची बाजू जड झाली आहे. तिथली थोडी जागा यादीच्या ओळीला मिळायला हवी होती. लेझर प्रिंटरची कोरडी शाई कागदावर थर देऊन बसते, त्यामुळे कार्ड दुमडलं की घडीवरची अक्षरं तडकतात. पाठभेद टाळायचा असता तर लिबरऑफिस रायटरमध्ये बिझनेस कार्डांची वेगळी सोय आहे. तिथे ‘सिंक्रोनाइझ’ चालू ठेवून पहिलं कार्ड बदललं की एका बटणात उरलेली सगळी बदलतात. मग दहावी चौकट मागे राहिली नसती, आणि हा लेखही जमला नसता.

ज्याला कार्ड करायचं आहे त्याने याचं अनुकरण नक्षीत करू नये, पद्धतीत करावं. दोन रकाने आणि पाच ओळींचा तक्ता घ्यावा, मापं आकड्यांत घालावीत, आणि गिऱ्हाइकाला दर वेळी तोंडी सांगावी लागणारी एक गोष्ट शोधून ती मधल्या ओळीत लिहावी. इलेक्ट्रिशियन असाल तर ‘मेन स्विच बंद करून फोन करा’, शिकवणी घेत असाल तर ‘मागच्या परीक्षेचा पेपर आणावा’. दोन-चार पानं वाटून पाहावीत, लोक काय विचारतात ते ऐकावं, ओळ बदलावी. मजकूर असा कसाला लागला, आणि महिनाभरात एकही शब्द हलवावासा वाटला नाही, की मग हवं तर फाइल घेऊन खुशाल डीटीपीवाल्याकडे जावं आणि हजार छापून घ्यावीत. सजावट त्याची, शब्द मात्र तुमचेच.